मेहुणा म्हणतो १५, होडी म्हणते १०

वाचकाचं पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. सदर नेहमी वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. १२ फुटी ॲल्युमिनियमची होडी घेतलीय, तळ जवळपास सपाट, नुसत्या होडीचं वजन ७५ किलो. आत्तापर्यंत वल्ही मारतच चालवली पण आता खांदे बोलायला लागलेत. तलाव ३ किमी रुंद आहे, पलीकडच्या काठाला जाऊन गळ टाकून बसायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं एवढंच काम. मी ८२ किलो, बायको ६३, ती बहुतेक वेळा सोबत असते. होडीच्या पट्टीवर लिहिलंय, कमाल १० एचपी, आणि माणसं मोटर सामान सगळं धरून २३० किलो. मेहुण्याच्या ओळखीत एक जुनी १५ एचपी टू-स्ट्रोक स्वस्तात मिळतेय, तो म्हणतो पॉवर जास्त असलेली कधीही बरी, आपण हळू चालवायची. दुकानदार म्हणतो नवी ९.९ घ्या. मित्र म्हणतो पेट्रोल कशाला, इलेक्ट्रिक घे. मोटर दर वेळी गाडीत घालून न्यावी लागणार आणि माझी कंबर काही तरुण राहिलेली नाही. काय करू? – एक वल्हेकरी"

वल्हेकरी दादा,

आधी मेहुण्यांचा विषय मिटवून टाकू म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. १५ घ्यायची नाही. पट्टीवर १० लिहिलंय ना, मग विषय संपला, फुकट मिळाली तरी नाही.

"हळू चालवायची" हे ऐकायला छान वाटतं हो, पण हळू चालवली म्हणून मोटरचं वजन कमी होत नाही आणि हँडल हातात आल्यावर एक ना एक दिवस ते पूर्ण पिळलं जातंच, तुम्ही नाही तर मेहुणे पिळतील. हलकी सपाट होडी, मागे बसलेला एकटा माणूस, त्याच्या मागे जास्तीची मोटर, आणि एकदम थ्रॉटल दिला की पुढचं टोक वर उठतं, समोरचं काही दिसत नाही, तेवढ्यात बाजूने वारा आला तर होडी पलटायला फार काही लागत नाही. वेगात वळण घेताना तर अजून वाईट, सपाट तळाची होडी पाण्यावर आडवी घसरते, मग कड एकदम पकडते आणि आतला माणूस बाहेर. तो आकडा बनवणाऱ्याने होडीची लांबी, मागच्या फळीची रुंदी आणि तळाचा आकार बघून काढलेला असतो, उगाच घाबरवायला छापलेला नसतो. आणि काही झालंच तर विमावाला सगळ्यात आधी ती पट्टीच वाचणार.

मेहुण्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, जुन्या टू-स्ट्रोक वजनाला खरंच हलक्या असतात. १५ एचपीची टू-स्ट्रोक ३६ किलोच्या आसपास भरते, त्याच ताकदीची फोर-स्ट्रोक ४५ ते ५० किलो. म्हणजे माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता, फक्त होडी चुकीची निवडली.

आता तुमचा खरा प्रश्न. सगळे जण तुम्हाला एचपीचा आकडा सांगतायत आणि तुम्ही पण आकडाच विचारताय, पण माझ्या मते आकडा शेवटी येतो. आधी हे ठरवा की होडी पाण्यात*ून* चालवायची आहे की पाण्या*वर* पळवायची आहे. हे दोन वेगळे कारभार आहेत आणि मधे काही नाही, मधे नुसतं पेट्रोल जळतं.

समजावते. होडी हळू चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच एक लाट तयार करते, वेग वाढला की लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीइतकी झाली की होडी त्या लाटेच्या खळग्यात अडकते, पुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेवर चढायला लागतं. ही जी हद्द आहे ती काढायचा जुना हिशोब आहे, पाण्याला टेकलेली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉट्समध्ये येतं. तुमची होडी १२ फुटी, पाण्याला ११ फूट टेकत असेल असं धरू, तर साधारण ४.४ नॉट्स, म्हणजे ताशी ८ किमीच्या जरा वर. या वेगापर्यंत जायला फारच कमी ताकद लागते, शांत पाण्यात तुमच्या दोघांना घेऊन २.५ एचपीची पिटुकली मोटर सुद्धा त्याच्या जवळपास नेईल. पण त्याच्या वर जायचं म्हटलं की गाडं अडतं. ३ च्या जागी ६ एचपी लावा, होडीची शेपूट खाली बसेल, तोंड वर होईल, मागे मोठी लाट उठेल, आवाज दुप्पट होईल आणि वेग वाढेल एक दोन किमीने. लोक म्हणतात मोटर कमी पडतेय. मोटर बिचारी काय करणार, होडी डोंगर चढतेय.

पुरेशी ताकद असली की मात्र होडी त्या लाटेवरून पलीकडे उतरते, उचलली जाते आणि पाण्याच्या वरच्या थरावरून पळायला लागते, त्याला प्लेनिंग म्हणतात. तुमच्यासारख्या सपाट तळाच्या होडीला हे चांगलं जमतं. याचा ढोबळ हिशोब असा की एकूण वजनाला दर २५ किलोमागे १ एचपी असेल तर आरामात प्लेन होते, ३० किलोमागे १ असेल तर रडतखडत, आणि त्याच्या वर गेलात तर विसरा.

मग तुमची बेरीज करू. दोघं मिळून १४५. नांगर, दोरी, लाईफ जॅकेट, गळाचं सामान, डबा, पाणी, चला २५. वेगळी १२ लिटरची टाकी भरलेली, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आत भरतं म्हणजे ९ आणि टाकीचे ३, झाले १२. ९.९ ची फोर-स्ट्रोक मोटर ४२ धरू. हे झालं २२४, पट्टीवरची मर्यादा २३०. बसलं, पण अगदी काठोकाठ, मासे मोठे लागले तर परत सोडावे लागतील. त्यात होडीचे ७५ मिळवले की २९९, भागिले १०, म्हणजे एचपीमागे ३० किलो. म्हणजे दुकानदाराची ९.९ तुम्ही एकटे असाल तेव्हा होडी झकास पळवेल आणि दोघं असाल तेव्हा कधी उचलेल कधी नाही, वारा कुठला आहे, कोण कुठे बसलंय, त्या दिवशी किती सामान आहे यावर. आणि तुम्हीच लिहिलंय की बहुतेक वेळा वहिनी सोबत असतात.

बरं, पळवून मिळणार काय? ३ किमीचा तलाव. ताशी ८ ने गेलात तर २२-२३ मिनिटं. प्लेन होऊन ताशी २५ ने गेलात तर ७ मिनिटं. पंधरा मिनिटं वाचली आणि मग दिवसभर गळ टाकून बसायचं!! तुम्हाला कुठे ऑफिस गाठायचंय? तलाव १० किमीचा असता, किंवा दुपारनंतर जोराचा वारा सुटतो आणि लवकर परतावं लागतं असं लिहिलं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. वेगाची हौस असेल तर ती हौस म्हणून वेगळी मोजा, त्यात काही वाईट नाही, पण गरज म्हणून तिच्या नावावर १६ किलो जास्तीचं वजन उचलू नका.

कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला ती कंबरेची वाटली. मोटर दर वेळी गाडीतून काढायची, काठापर्यंत न्यायची, हलत्या होडीच्या मागच्या फळीवर बसवायची, आणि संध्याकाळी दमल्यावर तेच उलटं. आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची ही मोटर, उचलायला फार बेकार वस्तू आहे, सगळं वजन वरच्या डोक्यात, खाली लांब दांडा, धरायला धड जागा एकच. ४ ते ६ एचपीच्या फोर-स्ट्रोक २५ ते २८ किलोच्या असतात, ते एका माणसाला जमतं, आनंदाने नाही पण जमतं. ४२ किलो एकट्याने, वाकून, पुढे झुकून, नाही हो. दोनदा कराल आणि तिसऱ्यांदा मोटर घरीच ठेवून जाल. म्हणून दुकानात जाल तेव्हा ब्रोशर नंतर बघा, आधी स्टँडवरची मोटर दुकानदाराला सांगून उचला, दहा पावलं चाला आणि परत लावा. तो बघत राहील, बघू दे.

माझं मत ६ एचपी फोर-स्ट्रोक, आखूड शाफ्ट (शाफ्ट म्हणजे मोटरचा खाली पाण्यात जाणारा दांडा). ४ किंवा ५ का नाही? कारण बऱ्याच कंपन्यांमध्ये ४, ५ आणि ६ हे एकच इंजिन असतं, तोहात्सूचं बघा, तिन्हीला तेच १२३ सीसीचं एक सिलिंडर, वजन तेच, फरक कार्बोरेटर वगैरेमध्ये. म्हणजे उचलायला लागणारं वजन सारखंच, मग वरची घ्या, वारा तोंडावर आला की ती ताकद उपयोगी पडते. (हेच ९.९, १५ आणि २० मध्ये पण होतं, एक ब्लॉक तीन स्टिकर, म्हणून वजनाचा कॉलम नीट वाचत जा.) आणि अडीच एचपी का नाही, ती तर १३-१४ किलोचीच असते? वजनाला स्वर्ग आहे खरं, आणि तलाव छोटा असता तर मी तीच सांगितली असती. पण त्यातल्या बऱ्याच मोटरींना रिव्हर्स गिअर नसतो, मागे यायचं तर अख्खी मोटर उलटी फिरवायची, आतली टाकी साधारण लिटरभराची आणि बाहेरची टाकी जोडायची सोय सहसा नसते, म्हणजे भर तलावात हलत्या होडीत कॅनमधून पेट्रोल ओतत बसा. एअर-कूल्ड असेल तर आवाज वेगळाच, मासे राहू द्या, वहिनींशी बोलणं पण होणार नाही. ६ एचपीला पुढे-न्यूट्रल-मागे असा पूर्ण गिअर मिळतो आणि बहुतेकांना बाहेरची टाकी जोडता येते. एक सिलिंडर असल्यामुळे हादरे मात्र बसतात, ते गृहीत धरा, गुळगुळीत चालणारं दोन सिलिंडरचं इंजिन हवं तर ८-९.९ कडे जावं लागतं आणि मग परत वजन.

आता शाफ्ट. मोटर चांगली आणि शाफ्ट चुकीचा, ही गोष्ट इतक्या वेळा होते की मी या विषयावरच्या प्रत्येक पत्राला हेच लिहिते. होडीच्या मागच्या टोकाला जी उभी फळी असते, जिच्यावर मोटर अडकवायची, तिला ट्रान्सम म्हणतात. टेप घ्या, जिथे मोटरचा क्लॅम्प बसणार त्या जागी वरच्या कडेपासून सरळ खाली होडीच्या तळापर्यंत मोजा, तिरकी फळी असली तरी टेप सरळ उभी धरायची. ३८ सेमीच्या आसपास आलं म्हणजे १५ इंच, आखूड शाफ्ट. ५१ च्या आसपास म्हणजे २० इंच, लांब शाफ्ट. तुमची होडी बघता ३८ येईल असं वाटतं, पण मोजा, मी सांगितलं म्हणून घेऊ नका. मोटर लावल्यावर खालच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पत्र्यासारखी प्लेट असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा दोनेक सेंटीमीटर खाली यायला हवी. शाफ्ट कमी पडला तर पंखा वरून हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही, वळणावर आणि लाटेत तर हमखास. शाफ्ट लांब झाला तर पाणी फवाऱ्यासारखं आत उडतं, ओढ वाढते आणि काठाजवळ पंखा आधी दगड शोधतो. मधलंच काही माप आलं, समजा ४३, तर फळीवर लाकडाचा जाड तुकडा बोल्टने पक्का करून उंची वाढवतात आणि लांब शाफ्ट लावतात.

मोजताना फळी पण तपासा. ॲल्युमिनियमच्या होडीत सुद्धा मागे आतून लाकूड भरलेलं असतं बऱ्याचदा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणटणीत आवाज आला तर ठीक, मधेच भदभद आवाज आला किंवा बोल्टजवळून ओल झिरपताना दिसली तर आतलं लाकूड कुजलंय, मग आधी ते बदला, मोटर नंतर.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर लोक तावातावाने भांडतात, मी पटकन उरकते. टू-स्ट्रोक हलकी, साधी, दुरुस्तीला सोपी, पण पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोकच्या साधारण दीडपट पेट्रोल पिते, धूर काढते, आणि प्रत्येक लिटरमागे २० मिली ऑईल मिसळायला लागतं (५० ला १ असेल तर, जुन्या मोटरींचं प्रमाण वेगळं असू शकतं), ते पण टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच, म्हणजे बोटीच्या मोटरचं, स्कूटरचं टू-टी चालत नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर बऱ्याच ठिकाणी जुन्या टू-स्ट्रोकला किंवा पेट्रोल मोटरलाच बंदी असते, तुमच्या तलावाचा नियम पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या. फोर-स्ट्रोक शांत आणि कमी पिणारी, ६ एचपी पूर्ण थ्रॉटलला ताशी २ लिटरच्या आसपास, तुमच्या चालीने अर्धी. फक्त तिच्यात वेगळं इंजिन ऑईल असतं, म्हणून गाडीत ठेवताना कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच आडवी करायची, मोटरवर तसं लिहिलेलं असतं. उलट्या कुशीवर झोपवली तर ऑईल सिलिंडरमध्ये जातं आणि मग सकाळी दोरी ओढून ओढून जीव जातो.

मित्राच्या इलेक्ट्रिकला मी हसत नाही, तुमच्यासारख्या वापराला ती खरंच जवळची आहे. उदाहरण घ्या, ई-प्रोपल्शनची स्पिरिट १ किलोवॅटची, तिच्या बॅटरीत १,२७६ वॅट-तास. म्हणजे पूर्ण जोरात सव्वा तास. थ्रॉटल निम्म्याच्या खाली आणलात तर वेग थोडाच कमी होतो आणि वेळ कितीतरी वाढते. जाऊन येऊन ६ किमी तुमचं आरामात होईल. आवाज नाही, वास नाही, दोरी ओढणं नाही, बॅटरी वेगळी काढता येते म्हणून उचलायला सगळ्यात सोपी. पण पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते, इंजिनने त्यातली तीन चतुर्थांशहून जास्त नुसती गरम हवा करून घालवली तरी उरलेलं त्या अख्ख्या बॅटरीपेक्षा जास्त. म्हणून परतताना वारा तोंडावर आला आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की पोटात गोळा येतो, बाटलीत जास्तीची वीज भरून नेता येत नाही. तुमच्या इथे वारा बेताचा असेल आणि घरी रात्रभर चार्जिंगला लावायची शिस्त असेल तर बिनधास्त घ्या, मी अडवणार नाही. वाऱ्याचा भरवसा नसेल तर पेट्रोल. "३ एचपीच्या बरोबरीची" असं लिहिलेलं असतं ते मात्र जरा सावकाश वाचा, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, भागाकार तुम्हीच करा. मोठा हळू फिरणारा पंखा असल्यामुळे ढकलायची ताकद तेवढी वाटते हे खरं, वेग तेवढा नसतो.

पंख्याचं थोडक्यात. त्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पुढे किती सरकेल ते, म्हणजे निदान कागदावर. तुमच्या हळू आणि भरलेल्या होडीला कमी पिचचा पंखा बरा, मोटरबरोबर दोन पर्याय असतील तर कमीचा मागा. जास्त खोलात जायची गरज नाही, ते पळवणाऱ्यांचं दुखणं आहे.

आता मला माहितीय तुम्ही नवीचा भाव ऐकून परत जुनीकडे वळणार. वळा, पण ५-६ एचपीतलीच बघा आणि बघायला जाताना असं करा. विकणाऱ्याला आधीच सांगा की मोटर चालू करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावा, गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय, थंड मोटर कशी चालू होते तेच बघायचं असतं. चालू झाली की मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार यायला हवी, ती कूलिंगची धार. नाही आली किंवा थेंब थेंब आली तर पाणी वर ओढणारं आतलं रबरी चाक, इम्पेलर, गेलंय किंवा मार्ग तुंबलाय, इम्पेलर स्वस्त असतो, पण त्याच्याशिवाय चालवून तापलेलं इंजिन स्वस्त नसतं. (कोरडी चालवून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, पिंपात बुडवूनच.) मग बंद करून खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू किंचित सैल करा, खाली पांढरा कागद धरा. ऑईल काळपट किंवा हिरवट आलं तर ठीक. दुधाळ आलं किंवा आधी पाण्याचे थेंबच पडले तर सील गेलंय, आत पाणी आहे, भाव निम्मा करा नाहीतर निघा. स्क्रूच्या टोकाला चुंबक असतो बऱ्याचदा, त्यावर बारीक भुकटी चालेल, चमकणारे तुकडे चालणार नाहीत. पंखा हाताने फिरवून मागून बघा, मधला दांडा लटपटत असेल तर कुठेतरी जोरात आपटलीय. दोन सिलिंडरची असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा, दोघांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला की हात जोडायचे. आणि सुटे भाग मिळतात का हे विकणाऱ्याला नाही, मेकॅनिकला विचारा. एव्हिनरुड हे १९०९ पासून चालत आलेलं नाव, पण ते बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने २०२० मध्ये ते बंदच केलं, मोठं नाव आहे म्हणून उद्या भाग मिळेलच असं नसतं.

दोरी ओढायची बाब राहिली. मोटर पसंत पडली की वहिनींना पण ती चालू करायला लावा, तिथेच, बसून, होडीत बसतो तशी. फोर-स्ट्रोक ६ ला बहुतेक कसरत लागत नाही, पण मागे हात न्यायला जागा किती लागते ते उभं राहून कळत नाही. तुम्ही पाण्यात पडलात तर मोटर त्यांनाच चालवायची आहे. आणि पडण्यासाठीच ती लाल कुरळी दोरी असते, किल स्विचची, एक टोक मोटरला, दुसरं तुमच्या मनगटाला किंवा जॅकेटला, ओढली गेली की मोटर बंद. ती लावली नाही आणि तुम्ही पडलात तर रिकामी होडी गोल गोल फिरत परत तुमच्याच अंगावर येते, पंख्यासकट. फोटोत चांगली दिसत नाही म्हणून न लावणारे बघितलेत मी.

घरी आणल्यावर पहिले दहा तास पूर्ण थ्रॉटल सतत देऊ नका, वेग कमी जास्त करत चालवा, २० तासांनी पहिलं ऑईल बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. तलाव गोड्या पाण्याचा असेल तर गंजाची काळजी कमी, खारं पाणी लागलं तर दर वेळी गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुवून काढायची. महिनाभर वापरणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत चालू ठेवा आणि मग ठेवा, लहान मोटर बिघडायचं नंबर एकचं कारण जुनं चिकट झालेलं पेट्रोल आहे, इथेनॉल मिसळलेलं असेल तर अजूनच. आणि टाकीचा हिशोब तिहाईने, एक भाग जायला, एक यायला, एक हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी क्लॅम्प आवळल्यावर पंधरा मिनिटं चालवा, थांबा आणि परत आवळून बघा, अर्धा फेरा नक्की फिरेल. मोटरपासून होडीच्या कड्यापर्यंत एक वेगळी साखळी किंवा जाड दोरी बांधून टाका, सैल क्लॅम्पवरून मोटर तळाशी गेली तर ती काही विम्यात बसत नाही बऱ्याचदा. वल्ही घरी ठेवू नका.

– ताई